जुन्या दागिन्यांचा संग्रह: घडण ओळखण्यापासून जतनापर्यंत

नाशिकच्या सराफ बाजारात लग्नसराईच्या आधी थोडा वेळ उभे राहिले, तरी एखादी पणजीच्या काळची ठुशी, लाख भरलेली बोरमाळ किंवा झिजलेल्या पाटल्यांची जोडी मोडीत निघताना दिसते. दागिना काट्यावर ठेवला जातो, लाखेचे आणि खड्यांचे वजन वजा होते, घट धरली जाते, त्या दिवसाच्या भावाने हिशेब होतो आणि थोड्याच दिवसांत तो गलाईच्या भट्टीत जातो. सोने वितळून पुन्हा नव्या बांगडीत येते. त्याची घडण मात्र कायमची जाते आणि ती घडण करणारा हातही बहुधा आज उरलेला नसतो. सराफाला यात बोल लावता येणार नाही, कारण विकणाऱ्यानेच वजनाचे पैसे मागितलेले असतात. भट्टीत जाणाऱ्या दागिन्यांतून राखण्याजोगा दागिना ओळखणे, तो योग्य रीतीने विकत घेणे आणि त्याच्या माहितीसह जपणे हे संग्राहकाचे काम असून, ते शिकू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

प्रथम क्षेत्र ठरवावे

जे जुने दिसेल ते घेत सुटले की काही वर्षांत पेटी भरते, पण संग्रह तयार होत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आपले क्षेत्र आखून घ्यावे. हे क्षेत्र दागिन्याच्या प्रकारावरून ठरवता येते, उदाहरणार्थ फक्त नथी किंवा फक्त केसांतले दागिने, म्हणजे मूद, राखडी, केवडा, अग्रफूल. ते तंत्रावरूनही ठरवता येते: रवाकाम (बारीक गोल रवे झाळून केलेली नक्षी), तारकाम, ठशाचे काम, जडावकाम. एखाद्या प्रदेशावरूनही ठरवता येते, आणि नाशिकमध्ये राहणाऱ्यासाठी ही वाट विशेष फलदायी आहे. कारण या एकाच जिल्ह्यात गोदाकाठच्या वाड्यांतील मोत्यांचे दागिने, निफाड-येवल्याकडील शेतकरी घरांतील सोन्याचे ठसठशीत दागिने आणि पेठ-सुरगाण्याकडील कोकणा, महादेव कोळी व वारली समाजांतील चांदीचे दागिने असे निरनिराळे जग शेजारी शेजारी नांदते.

ज्यांच्या हाताशी मर्यादित पैसा आहे त्यांनी चांदीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जोडवी, मासोळ्या, वाळे, तोडे, करदोटे, वाक्या यांत घडणीचे जवळजवळ सगळे धडे मिळतात. चुकीच्या खरेदीचे नुकसान झेपण्याइतके राहते आणि हे दागिने सोन्याइतके काळजीपूर्वक कोणी जपत नसल्यामुळे ते वाचवण्याची निकडही अधिक असते.

डोळा तयार करणे

खरेदीच्या आधी पुष्कळ पाहावे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे जुन्या वस्तूंसमोर निवांत उभे राहता येते. शहराजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. पुतळीहार किंवा रुपयांचा हार जमवणाऱ्याने तेथे जाऊन अस्सल नाणी पाहिली, तर पुढे बाजारात होणारी फसगत बरीचशी टळते.

याहून मोठे आणि विनामूल्य साधन म्हणजे घरोघरी भिंतीवर टांगलेली किंवा ट्रंकेत पडलेली छायाचित्रे. स्टुडिओत बसून काढलेल्या जुन्या छायाचित्रात स्त्रिया आपले सगळे दागिने घालून बसलेल्या असतात. कोणता दागिना कशासोबत आणि किती उंचीवर घातला जात असे, हे त्यातून कळते. गळ्यालगत चिंचपेटी किंवा ठुशी, त्याखाली तन्मणी किंवा कोल्हापुरी साज, आणि त्याहून खाली मोहनमाळ, पुतळीहार, चपलाहार अशी उतरंड एकदा डोळ्यांत बसली, की सुटा सापडलेला दागिना कोणत्या जागेचा आहे हे लांबीवरूनच सांगता येते. राजा रविवर्मा यांची चित्रेही याच दृष्टीने पाहावीत. त्यांच्या छापखान्यातून १८९४ पासून निघालेल्या शिळाछाप चित्रांत नऊवारी नेसलेल्या स्त्रियांची नथ आणि बांगड्यांची मांडणी वारंवार दिसते. चित्र हे चित्रकाराच्या निवडीने सजलेले असते, म्हणून त्याला पुरावा न मानता दिशादर्शक मानावे.

तिसरे साधन म्हणजे आपल्या आणि ओळखीच्या घरांतील वयस्कर स्त्रिया. त्यांच्याशी बोलताना किमतीचा विषय काढू नये. “आजी, ही पोत तुमच्या माहेरची की सासरची? गाठवायला कोणाकडे देत होता? सणाला घालायचात की रोज?” असे विचारले, म्हणजे दागिन्याचे स्थानिक नाव, तो घालण्याचा प्रसंग, घडवणाऱ्या सोनाराचे गाव आणि कधी कधी मोडलेल्या जोडदागिन्याची हकीकतही मिळते. ही माहिती कोणत्याही संग्रहालयाच्या पाटीवर लिहिलेली नसते.

दागिना उलटा करून पाहणे

दर्शनी बाजू ग्राहकासाठी घडवलेली असते आणि मागची बाजू कारागिराने स्वतःसाठी ठेवलेली असते. जुन्या दागिन्याचे परीक्षण नेहमी मागून सुरू करावे. त्यासाठी दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा, एक लहान लोहचुंबक आणि दिवसाचा उजेड एवढे पुरते. दुकानातील पिवळ्या दिव्यांखाली सगळेच सोने उजळ आणि सगळेच माणिक लाल दिसतात, म्हणून दागिना दाराशी नेऊन पाहण्याची परवानगी विनासंकोच मागावी.

ठुशीचेच उदाहरण घेऊ. जुन्या ठुशीतील प्रत्येक गोल मणी दोन अर्ध्या वाट्या झाळून जोडलेला असतो. भिंगातून पाहिले की मण्याच्या कमरेवर त्या जोडाची बारीक रेघ दिसते आणि ती सर्व मण्यांवर सारखी नसते, कारण हाताने दिलेली झाळ कुठे किंचित जाड तर कुठे पातळ बसते. मणी एकमेकांना घासून जेथे टेकतात तेथे वर्षानुवर्षांच्या वापराने बारीक सपाट चकती पडलेली असते. दोरा ओवण्याची भोके काठाशी गुळगुळीत आणि किंचित लांबट झालेली असतात. मानेला लागणारी आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा अधिक झिजलेली असते. आता आज तयार झालेली ‘अँटिक फिनिश’ची ठुशी शेजारी ठेवावी. तिच्यात मणी बहुधा एकाच पत्र्यातून ठशाने उठवलेले अर्धगोल असतात, मागची बाजू पोकळ किंवा सपाट असते आणि काळसरपणा रसायनाने आणलेला असल्यामुळे तो सगळीकडे सारखा पसरलेला असतो. जेथे बोट रोज लागणार तो उंचवटा खरोखरच्या जुन्या दागिन्यात उजळ असतो आणि खाच काळी असते. नव्यात हा भेद कृत्रिमरीत्या आणण्याचा प्रयत्न होतो, पण भोकांच्या आत, फाश्याच्या, म्हणजे दागिना अडकवण्याच्या आकड्याच्या, कडीत आणि झाळीच्या जोडांवर तो साधत नाही.

नथीत हीच परीक्षा तारेवर करावी. मोती ज्या सोन्याच्या तारेत गुंफलेले असतात तिचे वळसे हाताने दिलेले आहेत का आणि नाकात बसणारा भाग इतर तारेपेक्षा बारीक झाला आहे का, हे पाहावे. चाप बसवलेली नथ सहसा अलीकडची असते. पण नाक टोचलेले नसलेल्या नातीसाठी जुन्या नथीला चाप लावून घेण्याची चाल घरोघरी असल्यामुळे, केवळ चाप दिसला म्हणून नथ बाजूला ठेवू नये. चापाची झाळ आणि मूळ तार यांचा रंग वेगळा असेल, तर बदल नंतरचा आहे हे कळते. बुगडीलाही हेच लागू पडते. कुड्यांत आणि इतर कर्णभूषणांत फिरकीचे मळसूत्र पाहावे: हाताने कापलेले आटे विषम आणि उथळ असतात, आणि डाव्या कानाची फिरकी उजव्या कुडीला बसतच नाही.

वज्रटीक कापडी पट्टीवर शिवलेली असते, तेव्हा पट्टीचे कापड आणि दोरा बदलला असण्याची शक्यता गृहीत धरावी. दोरा नवा असणे हा दोष समजू नये. वापरातील दागिना पटवेकऱ्याकडून दर काही वर्षांनी नव्याने गाठवून घेतला जात असे, आणि तसे न करणाऱ्यांच्या घरातले मणीच हरवत असत. तन्मणीत मोत्यांच्या सरांपेक्षा मधले खोड, म्हणजे खड्यांचे पदक, जुने असण्याचा संभव जास्त, कारण मोती विकले जात किंवा बदलले जात आणि खोड मात्र राहत असे. ओतीव नकलेत पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे आणि बोथट झालेल्या कडा दिसतात, तर ठोकून घडवलेल्या कामाची कड तीक्ष्ण असते. दुरुस्तीच्या जागी करडी, मऊ झाळ दिसली तर ती कथलाची समजावी. अशी दुरुस्ती सोन्याच्या दागिन्यात निष्काळजीपणाची असते आणि किंमत ठरवताना ती विचारात घ्यावी.

काळ कसा ठरवावा

मराठी दागिन्यांवर सन घातलेला नसतो. त्यामुळे ‘पेशवेकालीन’ हे विशेषण बाजारात फार सढळपणे वापरले जाते. घाट पेशवाईतला असू शकतो आणि दागिना पन्नास वर्षांपूर्वीचा असू शकतो, कारण आपल्याकडे एकच घाट पिढ्यान्‌पिढ्या घडवला गेला. काळ ठरवायचा तो घाटावरून न ठरवता घटकांवरून ठरवावा.

नाणी हा सर्वांत भरवशाचा दुवा आहे. मराठी मुलखात व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटला ‘पुतळी’ म्हणत. तिच्या एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेल्या लंबगोलात ख्रिस्ताची आकृती असते, आणि वजन सुमारे साडेतीन ग्रॅम भरते. तिच्या नकला भारतातही पाडल्या गेल्या. त्यांतील अक्षरे अर्थहीन आणि आकृत्या काटक्यांसारख्या असतात. पुढे सोनारांनी स्वतःच्या ठशावर लक्ष्मीची किंवा रामसीतेची पातळ पुतळी उठवायला सुरुवात केली. या तिन्ही प्रकारांना संग्रहात मानाचे स्थान आहे, फक्त एकाच्या नावावर दुसरा घेतला जाऊ नये. नाण्याला कडी झाळलेली असेल तर नाणेसंग्राहकाच्या लेखी त्याचे मोल उतरते. पण दागिन्याच्या दृष्टीने ती कडी हाच इतिहास असल्यामुळे नाणे कधीही सोडवू नये.

चांदीच्या रुपयांच्या हारात १८३५ पासूनचे कंपनी सरकारचे, नंतर राणीछाप आणि पुढे राजांच्या मुद्रेचे रुपये सापडतात. असा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा असे. १९४० मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. हारातील सर्वांत अलीकडच्या नाण्याचा सन पाहावा. हार त्याआधी आजच्या रूपात गुंफला गेलेला असणे शक्य नाही. त्या नाण्याची झीज आणि कडी इतरांपेक्षा वेगळी असेल तर ते नंतर भरलेले असू शकते, एवढी सावधगिरी बाळगावी.

खडे आणि मोतीही बोलतात. ऑग्युस्त व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची कृती जाहीर केली आणि लवकरच असे माणिक जगभर स्वस्तात मिळू लागले. भिंगाखाली माणकात वक्र, समांतर रेघा दिसल्या तर ते या कृतीने बनलेले आहे आणि दागिना, किंवा निदान तो खडा, विसाव्या शतकाच्या आधीचा नाही. बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातील नैसर्गिक मोती. १९२० च्या दशकापासून जपानी संवर्धित मोती बाजारात आले आणि नैसर्गिक मोत्यांचा व्यापार खचला. भोकाच्या आत भिंगाने पाहिल्यास संवर्धित मोत्यात आतला मणी आणि बाहेरचा थर यांच्यामधील रेघ पुष्कळदा दिसते, तथापि निर्णायक उत्तर रत्नपरीक्षा प्रयोगशाळेतील क्ष-किरण तपासणीच देते. ‘बसरा’ या एका शब्दासाठी मोठी रक्कम मोजण्याआधी ती तपासणी करून घ्यावी.

कायद्यानेही आपली खूण ठेवली आहे. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी घातली होती. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. त्यामुळे साठच्या दशकातील एखादा दागिना कमी कसाचा निघाला तर त्यामागे फसवणूकच असेल असे नाही. सोन्यावरील बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, २००० पासून, चांदीवरील २००५ पासून आणि प्रत्येक दागिन्याची स्वतंत्र ओळख असलेला सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक २०२१ पासून आहे. अर्थात जुन्या म्हणून दाखवलेल्या दागिन्यावर ९१६ चा शिक्का आढळला, तर तो आजच्या काळातला आहे किंवा नंतर तपासून घेतलेला आहे, हे उघड होते.

कारागीर, पेढ्या आणि डिझायनर

आपल्या दागिन्यांचे रचनाकार बहुतेक अनाम आहेत. एखाद्या सराफाचा लहानसा शिक्का फाश्याच्या आतल्या बाजूला सापडतो, पण तो विकणाऱ्याचा असतो. घडवणारा सोनार त्यामागे झाकलेलाच राहतो. म्हणून येथे रचनेचा अभ्यास म्हणजे परंपरेचा अभ्यास होय. कोल्हापुरी साजात जवमण्यांच्या मधे ओवलेली २१ पाने आणि त्यांतली दशावतार व अष्टमंगळाची चिन्हे ओळखता येणे, चिंचपेटीच्या पेट्यांचे प्रमाण, बकुळहारातील फुलाची पाकळी किती खोल उठवली आहे, गोठाच्या तोंडाची घडण, या गोष्टी म्हणजेच आपल्याकडील स्वाक्षऱ्या आहेत. निरनिराळ्या गावांतील एकाच प्रकारचे दहा नमुने शेजारी ठेवून पाहिले, की एकाच हाताची कामे वेगळी दिसू लागतात.

भारतात नावानिशी ओळखले जाणारे अपवाद मुख्यतः चांदीकामात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूजचे ओमरसी मावजी आपल्या कामावर नावाच्या आद्याक्षरांचा शिक्का उठवत, आणि मद्रासची पी. ऑर अँड सन्स ही पेढी देवतांच्या आकृती असलेल्या चांदीकामासाठी प्रसिद्ध होती.

पाश्चात्त्य दागिने जमवणाऱ्याला नावे आणि शैलींचा आराखडा आधी पाठ करावा लागतो. साधारण १८९० ते १९१० या काळातील आर्ट नूव्हो शैलीत वेली, कीटक आणि वाहत्या रेषा येतात. रने लालिक याने त्यात सोन्यापेक्षा शिंग, काच आणि मीनाकामाला महत्त्व दिले. आर्ट डेको हे नाव १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनावरून रूढ झाले आणि त्यात भूमितीय, सरळ आकार असतात. या काळाचा आपल्याशी थेट संबंध आहे. झाक कार्तिए १९११ मध्ये दिल्ली दरबाराच्या निमित्ताने भारतात आला, आणि पुढे त्याच्या पेढीने भारतीय कोरीव पाचू, माणिक व नीलम एकत्र जडवून जी रंगीत शैली घडवली ती आज ‘तुत्ती फ्रुत्ती’ नावाने ओळखली जाते. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे पेढीकडून सुमारे ४७ कॅरेटचे दोन पेराच्या आकाराचे हिरे घेतले होते. मराठी संस्थानिकांच्या घरांत पॅरिसची रचना आणि मराठी पेहराव असे एकत्र नांदले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

खोट्या खड्यांच्या, पण नामांकित रचनाकारांच्या दागिन्यांचीही एक मोठी शाखा आहे. ट्रिफारी पेढीसाठी आल्फ्रेड फिलिप याने केलेल्या रचना, किंवा १९२६ पासून काम करणाऱ्या मिरियम हॅस्केलचे तारेने हाताने बांधलेले मण्यांचे काम यांना आज जगभर मागणी आहे. हॅस्केलच्या सुरुवातीच्या कामावर नाव नसते, त्यामुळे येथेही मागची बांधणीच पाहावी लागते. पदकावर वर्तुळातील ‘सी’ हे स्वामित्वचिन्ह असेल तर ते सर्वसाधारणपणे १९५५ नंतरचे धरावे, कारण त्या वर्षी अमेरिकन न्यायालयाने अशा दागिन्यांच्या रचनेला स्वामित्वहक्क मान्य केला.

कस आणि वजन

सराफाकडील कॅरेट मीटर क्षणात आकडा दाखवतो. मात्र तो पृष्ठभागापुरताच पाहतो. जाड मुलामा असलेल्या दागिन्यात तो फसतो, आणि झाळीवर धरल्यास उगीच कमी कस दाखवतो. म्हणून तीन-चार जागी, शक्य तर झिजलेल्या कडेवर, मोजणी करून घ्यावी. शंका राहिल्यास बीआयएस मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात जावे. आम्ल लावून पाहण्याची रीत जुन्या, बारीक कामाच्या दागिन्यावर वापरू देऊ नये. भरीव चांदीच्या वाळ्यासाठी घरची परीक्षा पुरते: कोरडे वजन घ्यावे, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून वजन घ्यावे आणि कोरड्या वजनाला त्या दोहोंतील फरकाने भागावे. चांदीचे उत्तर १०.३ च्या आसपास येते. जर्मन सिल्व्हरचे, ज्यात चांदी मुळीच नसते, साडेआठच्या जवळपास येते. पोकळ किंवा लाखेच्या दागिन्याला ही परीक्षा चालत नाही.

जुन्या यादीत किंवा घरच्या मोडी टिपणात वजन गुंज, मासा, तोळ्यांत असते. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा धरावा. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा आहे, तर आज बाजारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. हा फरक लक्षात न घेतल्याने घरातले सोने ‘कमी भरले’ म्हणून नात्यांत संशय निर्माण झाल्याची उदाहरणे घडतात.

खरेदी

विश्वासातल्या दोन-तीन सराफांना स्पष्ट सांगून ठेवावे, की मोडीत जुन्या घडणीचा दागिना आला तर गलाईला पाठवण्याआधी दाखवा, मी धातूच्या किमतीवर अधिक देईन. किती अधिक द्यायचे हे घडण, पूर्णता आणि दुर्मिळता यांवर ठरवावे. निव्वळ वय पाहून देऊ नये. जोडीतील एकच पाटली, खोड नसलेला तन्मणी, पाने गळालेला साज यांची किंमत कमी असते, परंतु अभ्यासासाठी असे नमुने फार उपयोगी पडतात आणि सुरुवात त्यांच्यापासून करण्यास हरकत नाही.

पावती पक्की घ्यावी. तिच्यावर दागिन्याचे नाव, एकूण आणि निव्वळ वजन, तपासलेला कस आणि छायाचित्राचा उल्लेख असावा. अनोळखी व्यक्ती घाईने, पावतीविना, भावापेक्षा स्वस्त देऊ लागली तर दागिना कितीही देखणा असला तरी घेऊ नये. चोरीचा माल बाळगणे हा गुन्हा आहे. देवाला वाहिलेले अलंकार आणि घराण्यातील टाक विकत घेण्यापासूनही मी सर्वांना परावृत्त करतो. पाड्यावरच्या घरातून चांदी घेताना त्या दिवसाचा भाव समोरच्याला आधी सांगावा आणि घरातल्या स्त्रीचा होकार तिच्याच तोंडून ऐकावा.

कायद्याच्या मर्यादा

१९७२ च्या पुरावशेष व कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. परदेशी राहणाऱ्या मुलीला पणजीची नथ पाठवण्याचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जुने वाडे पाडताना जमिनीत किंवा भिंतीत पुरलेले दागिने सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची अशी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. लहान मुलांच्या गळ्यातले सोन्यात मढवलेले वाघनख आणि हस्तिदंती बांगड्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. कितीही जुने म्हणून दाखवले तरी ते विकत घेऊ नये.

दुरुस्ती आणि जतन

नाशिकचे नाव धारण करणाऱ्या एका हिऱ्याची कथा येथे सांगणे अगत्याचे आहे. त्र्यंबकेश्वराच्या शिवमंदिराशी निगडित असलेला ‘नासक’ हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती गेला. तो भारतीय पद्धतीने, मूळ खड्याचे वजन राखून पैलू पाडलेला होता. लंडनमध्ये तो अधिक चमकावा म्हणून पुन्हा कापला गेला, आणि १९४० मध्ये हॅरी विन्स्टन यांनी घेतल्यावर त्याला ४३.३८ कॅरेटचा आजचा आयताकृती घाट दिला गेला. मूळ हिरा सुमारे ९० कॅरेटचा होता. हिरा आज अस्तित्वात आहे, पण ज्या हातांनी तो प्रथम घडवला त्यांचे काम त्याच्यावर कुठेच शिल्लक नाही. जुन्या दागिन्याला ‘जरा नवा करून देतो’ असे कोणी म्हणाले, म्हणजे हे आठवावे.

उजाळा देणे टाळावे. बफावर, म्हणजे चकाकी देणाऱ्या फिरत्या चाकावर, एकदा दागिना धरला की रव्याचे टोक आणि कोरणीची कड झिजते, आणि ती परत येत नाही. भरीव सोन्याचा दागिना कोमट रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशाने धुऊन सुती कापडाने टिपावा. मोती आणि पोवळ्यांना चिंच, लिंबू किंवा कोणतेही आम्ल लावू नये, कारण ते त्यांचा पृष्ठभागच खाते. मागून बंद असलेले जडावाचे दागिने पाण्यात बुडवू नयेत. पाणी आत शिरून खड्यामागचा चमकता वर्ख काळा पडतो आणि खडा निस्तेज होतो. लाखेच्या दागिन्याला उष्णता सोसत नाही, तेव्हा झाळ द्यायची वेळ आली तर कारागिराला आत लाख असल्याची आधीच कल्पना द्यावी.

मोत्यांचे दागिने मलमलीत, आडवे ठेवावेत. हवाबंद प्लॅस्टिकमध्ये आणि टांगून ठेवू नयेत. चांदी गंधकामुळे काळवंडते, म्हणून तिच्याजवळ रबरबँड किंवा लोकर ठेवू नये. सराफाच्या गुलाबी कागदाचा रंग पावसाळ्यात ओलाव्याने सुटण्याची भीती असते, म्हणून पांढरा, आम्लरहित कागद उत्तम. गोदाकाठच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी पेटी तळमजल्यावर ठेवू नये, हे सराफ बाजारात शिरणारे पुराचे पाणी पाहिलेल्यांना सांगायला नको.

नोंदवही

प्रत्येक दागिन्याला क्रमांक द्यावा. समोरून, मागून आणि फाश्याजवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढावीत. नोंद कशी असावी याचा नमुना असा: “क्रमांक १४. मोत्यांच्या कुड्या, जोडी. मध्ये लाल खडा, भिंगाखाली वक्र रेघा, म्हणून कृत्रिम माणिक. वजन ६.४२ ग्रॅम. उजव्या कुडीचा एक मोती बदललेला, रंग किंचित पिवळा. फिरकी हातकामाची. देणाऱ्या बाईंच्या सासूबाईंच्या लग्नातल्या, मूळ गाव सिन्नर. अंदाजे १९२० ते १९४०. हा अंदाज खड्यावरून आणि लग्नाच्या सनावरून.” जे पाहिले, जे ऐकले आणि जे आपण अनुमानाने ठरवले ते तिन्ही वेगळे लिहावे, म्हणजे पुढे नवी माहिती मिळाल्यास अनुमान तेवढे बदलता येते.

दागिना लॉकरमध्ये गेला तरी वहीची एक प्रत घरी आणि एक विश्वासू नातेवाइकाकडे असावी. विम्यासाठी आणि वाटणीसाठी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून लेखी मूल्यांकन करून घ्यावे आणि त्यात धातूची किंमत व घडणीची किंमत स्वतंत्र लिहायला सांगावे. संग्रहातील कोणता दागिना मोडीत न देता दागिना म्हणूनच विकायचा, कोणता संग्रहालयाला द्यायचा आणि कोणता घरातल्या कोणाला, हे त्या वहीच्या पहिल्याच पानावर नावानिशी लिहून सही करावी.